पंचाचा कान

कानात यंत्र बसवताना दादरची ती मुलगी म्हणाली,
"काका, हे हुशार आहे बरं का.
एकच आवाज सारखा येत राहिला
तर गोंगाट समजून आपोआप दाबतं."
मी मान हलवली, पैसे भरले.
जिन्यात आल्यावर लक्षात आलं,
माझा सगळा जन्म
एकच आवाज सारखा ऐकण्यात गेला.

कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी.

शिट्टी दातांत, मान तिरकी,
निदानरेषेपाशी वाकून मी माणसांचे दम ऐकले.
चढाईला घड्याळ नव्हतं तेव्हा.
छाती पुरेल तेवढा वेळ.
मध्येच कुणी चोरून श्वास घेतला
तर मला कळायचं,
जसं आईला कळतं
मागच्या खोलीत साखरेची बरणी उघडली ते.

अठ्ठ्याहत्तर साल, प्रभादेवी.
एकाच गिरणीची दोन खाती, अंतिम सामना.
रिंगखातं विरुद्ध साचेखातं.
पाणी मारून दाबलेली तांबडी माती, बांबूंवर चार दिवे.
जिंकतील त्यांतले तीन बदलीवाले कायम होणार.
शेवटची चढाई रिंगखात्याच्या धर्मा येलवेची.
त्याच्या आज्याला साच्यांवर घेतलंच नव्हतं कधी.
धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागे,
आणि दुसऱ्याच्या ओठांना तोच धोटा लागे.

धर्मा परत आला, रेषेवर हात टेकला.
"शिवलो मी. कोपऱ्याच्या अंगठ्याला."
कोपरा म्हणाला, "नाय शिवला."
गर्दीतून कुणीतरी ओरडलं,
"शिवला असता तर अंघोळ नसती का केली त्याने!"
हसले लोक.
खुर्चीतले लेबर ऑफिसरही रुमालाआड हसले.

मी पाहिलं होतं.
नख. अंगठा. उडालेली चिमूटभर माती.
शिट्टी माझ्या तोंडातच होती.
त्या रात्री मैदानावर
एकच दम तुटला, तो माझा.

आता नातू घेऊन आलाय वरळीला, घुमटाखाली.
तिकीट त्याच्या मोबाईलमध्ये, माती कुठेच नाही,
निळी मॅट, बूट घातलेले पाय.
एका मुलीची चढाई.
पाठीवर सिमेंटची जाहिरात,
पडद्यावर नावाशेजारी लिलावातला आकडा.
परत येऊन तिने बोटांनी हवेत चौकोन काढला.
सगळं थांबलं.
पडद्यावर एक नख आलं, बसएवढं मोठं,
सावकाश, फार सावकाश
एका अंगठ्याला टेकलं.
पुन्हा एकदा टेकलं. तिसऱ्यांदा टेकलं.
हजारो माणसं एका स्पर्शाकडे बघत होती
आणि कुणी हसलं नाही.
गुण.

नातू म्हणाला, "आजोबा, पंचाला काही कामच उरलं नाही."
"बरं झालं," मी म्हणालो.
त्याला वाटलं, मी रुसलो.

मग दोन पोरं फडकी घेऊन धावली,
गुडघ्यांवर बसून मॅटवरचा घाम पुसायला.
पडदा लगेच दुसरीकडे गेला.
बनियनची जाहिरात लागली.

ती मुलगी पुन्हा निघाली.
ओठ हलत होते, पण माझ्या कानात
फक्त टाळ्या, ढोल, निवेदक.
यंत्र हुशार. त्याने तिचा दम दाबला होता.
मी ते काढून खिशात टाकलं
आणि ठार बहिऱ्या कानाने बघत राहिलो.
कबड्डी म्हणतेय
की नुसतंच च्युइंगम चघळतेय,
पंच म्हणून विचाराल तर सांगता येणार नाही.

सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस.

भोंगा मला खुर्चीतून कळला,
पाठीच्या मणक्यातून वर चढत आला.
आमच्याकडे भोंगा झाला की पाळी सुटायची.
मी सवयीने उठून उभा राहिलो.
मागचा ओरडला असणार, बसा म्हणून.
त्याचे ओठ हलत होते.